न आलेल्यांची वर्दळ

एखादा देश बुडायला निघाला की ते त्या देशाच्या अर्थमंत्र्याच्या आधी आमच्या विहीणबाईंना कळतं. हे मी व्याही म्हणून कौतुकानं सांगत नाही. विहिणीचं कौतुक करायची आमच्याकडे पद्धत नाही, आणि केलंच तर ते जेवणाच्या पंगतीपुरतं असतं. पण हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. संगमनेरच्या आमच्या घरी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून त्या मेथी निवडत होत्या. मांडीशी मोबाईल, आणि त्यावर कुठल्याशा परदेशी संसदेतलं अंदाजपत्रकाचं भाषण चालू. ती भाषा त्यांना येत नव्हती, मला येत नव्हती, आणि माझ्या बायकोला तर ते कुणाचं तरी प्रवचन वाटत होतं. मध्येच विहीणबाईंचा हात थांबला. मेथीची काडी बोटांत तशीच राहिली, डोळे मिटले, आणि चेहरा असा उतरला की बायकोनं पाण्याचा तांब्याच पुढे केला. विहीणबाई हळूच म्हणाल्या, "हा गेला."

"कोण गेला, ताई?"

"देश," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा मेथी निवडू लागल्या.

पुढे काही आठवड्यांनी त्या देशानं कर्जाचे हप्ते थांबवल्याची बातमी आली. पेपरात आतल्या पानावर, कांद्याच्या भावाखाली. मी पेपर त्यांच्यापुढे धरला तर त्यांनी बातमी वाचलीसुद्धा नाही. "कांदा पडला की," एवढंच म्हणाल्या.

मी एकदा धीर करून विचारलं की हे कळतं तरी कसं. "त्यात काही जादू नाही, दादा," त्या म्हणाल्या. "खरा आकडा माणूस बोलता बोलता सांगून जातो. खोट्या आकड्याआधी तो जरासा थांबतो. विहिरीत उडी मारणारा थांबतो ना, तसा. तो श्वास कुठल्याही भाषेत ऐकू येतो." तेव्हापासून कुणी भाषणात थांबलं की मी चपला शोधू लागतो. आमच्या निवृत्त शिक्षकांच्या मेळाव्यात अध्यक्षांना खोकला झाला होता आणि ते दर वाक्याला थांबत होते, तर मी चहाची वाट न बघता उठून घरी आलो.

विहीणबाई मूळच्या नेवाशाच्या. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली, वडील शाळामास्तर झाले, आणि मुलगी शिकत शिकत दिल्लीच्या अर्थखात्यात पोचली. तिथून पुढे त्यांचं आयुष्य परदेशातल्या गरीब सरकारांच्या दारात गेलं. सरकारनं कर्ज कुणाकडून घ्यावं, किती मुदतीचं घ्यावं आणि कधी हात जोडून नको म्हणावं, हे सांगायचं त्यांचं काम. यजमान लवकर गेले. मुलगा आजोळी वाढला, पुण्यात नोकरीला लागला आणि माझ्या मुलीला आवडला. लग्नाच्या बोलणीला आम्ही नेवाशाला गेलो तेव्हा मी जरा दबूनच होतो. मुलीचा बाप, त्यातून भूगोलाचा शिक्षक. देण्याघेण्याचा विषय निघेल म्हणून बायकोनं रस्ताभर वाक्यं पाठ केली होती. विहीणबाईंनी आम्हाला चहा दिला, आणि एकच प्रश्न विचारला.

"लग्नासाठी कर्ज काढणार आहात का?"

"थोडंसं," मी म्हणालो.

"कोणत्या चलनात?"

मी बायकोकडे पाहिलं. बायकोनं पाठ केलेल्या वाक्यांत हे नव्हतं. "रुपयांतच," मी म्हणालो.

"मग हरकत नाही," त्या म्हणाल्या. "आपल्या चलनातलं कर्ज म्हणजे घरातलं भांडण, दार लावून मिटवता येतं. परक्या चलनातलं भांडण रस्त्यावर जातं. तिथे आपला रुपया आपलं ऐकत नाही." मग त्यांनी लग्न विहारात, साधं, आणि जेवण दुपारचं, असं ठरवून टाकलं. कर्ज काढावंच लागलं नाही. परतीच्या एस. टी.त बायको म्हणाली, "बाई चांगल्या आहेत, पण त्यांच्याकडे बघताना असं वाटतं की आपल्या मागे कुणीतरी उभं आहे आणि त्या त्याच्याकडे बघतायत." मी मागे वळून पाहिलं, कारण तसं मलाही वाटलं होतं.

निवृत्तीनंतर त्या मुलाकडे पुण्यात राहायला गेल्या आणि लगेच परत आल्या. पुण्यात त्यांना प्रवरा ऐकू येत नाही म्हणे. कानांचा दोष नाही, कान मांजराचे आहेत. मग नेवाशाचं दोन खोल्यांचं घर आणि आमचं संगमनेरचं घर, दोन्ही प्रवरेकाठची, अशा त्यांच्या एस. टी.नं फेऱ्या सुरू झाल्या. मुलाची आई मुलीच्या माहेरी मुक्कामाला, हे आमच्या गल्लीला बरेच दिवस पचलं नाही. विहीणबाईंना गल्लीचा पत्ताच नव्हता. त्यांची सगळी माया देशांवर. सरकारी गुपितं सांभाळायची सवय इतकी मुरलेली की निवृत्तीनंतरही देशाचं नाव तोंडातून काढायच्या नाहीत. एक होता तांब्याचा देश, त्यानं जमिनीतून अजून न निघालेलं तांबं सावकाराला लिहून दिलं होतं. एक डोंगरातला देश, तो जुनं कर्ज फेडायला नवं काढायचा, तेही वर्षभराच्या बोलीनं, म्हणजे दर वर्षी सावकाराच्या ओसरीवर हजर. आणि दोन बेटं होती, एक थोरलं आणि एक धाकटं. आमच्या घरात मग चहाबरोबर या मंडळींची चौकशी होऊ लागली. धाकट्या बेटावर वादळ आलं तेव्हा बायको सकाळपासून बेचैन होती. शेजारणीनं विचारलं, "विहीणबाईंच्या धाकट्याला काय झालंय म्हणे?" बायको म्हणाली, "वादळ." शेजारणीनं ते 'वात' ऐकलं आणि दुपारी लसणाचं तेल आणून दिलं.

त्या वादळाच्या दुपारी मात्र मी विहीणबाईंना पहिल्यांदा सुखानं बसलेलं पाहिलं. धाकट्या बेटाच्या करारात त्यांनी फार भांडून एक कलम घालून घेतलं होतं. वादळानं नासधूस केली तर तेवढ्या काळापुरता हप्ता थांबेल, आणि मुदत पुढे सरकेल. सावकार हसले होते म्हणे. "वादळ काय सांगून येतं का?" असं एकानं विचारलं. "नाही, म्हणूनच लिहून ठेवायचं," या म्हणाल्या. आता तिकडून निरोप आला की हप्ता थांबला आहे आणि त्या पैशात आधी दवाखान्याचं छप्पर घालताहेत. विहीणबाईंनी शेजारणीचं तेल गुडघ्याला चोळलं आणि संध्याकाळपर्यंत कुठलंही भाषण ऐकलं नाही.

थोरल्या बेटाचं नाव निघालं की घरातली हवाच बदलायची. त्यांची एक सवय आम्हाला कळत नव्हती. दिवेलागणीला आम्ही सगळ्या खोल्यांतले दिवे लावायचो आणि त्या मागोमाग येऊन रिकाम्या खोलीतले दिवे मालवायच्या. वीज वाचवायला नव्हे. मालवायच्या आधी दारात उभ्या राहून आत कुणी नाही ना, हे बघायच्या. बघायच्या म्हणजे बराच वेळ बघायच्या. एकदा बायकोनं विचारलंच. तेव्हा बाहेरच्या ओट्यावर बसून त्यांनी सांगितलं.

थोरल्या बेटाच्या सरकारनं डॉलरच्या कर्जावर समुद्राकाठी नवं शहर बांधलं होतं. जहाजं येतील, त्यांच्यामागून व्यापारी येतील, पाहुणे येतील, असं धरून. अहवालात दर वर्षी किती माणसं येतील याचा चढता तक्ता होता. विहीणबाईंना त्याच शहरातल्या सरकारी विश्रामगृहात उतरवलं होतं. रुंद रस्ते, काचेच्या इमारती, विमानतळ. सकाळी कर्मचारी कडक इस्त्रीचे कपडे घालून खिडक्यांमागे येऊन बसायचे. कर्ण्यातून बाई तीन भाषांत सूचना द्यायची. विमान येत नव्हतं. संध्याकाळी सगळ्या शहराचे दिवे एकदम लागायचे, आणि त्या उजेडात एकही माणूस नसायचा.

"मी रोज फिरायला जायची," त्या म्हणाल्या. "काही दिवसांनी रस्त्यानं कडेकडेनं चालायला लागले. का ते मलाच कळेना. मग लक्षात आलं की मी कुणाला तरी वाट देतेय."

"कुणाला?" बायकोनं माझा हात धरला होता.

"ताई, भुतं मेलेल्यांचीच असतात असं थोडंच आहे? जी येणार म्हणून कर्ज काढलं आणि आली नाहीत, ती कुठे जाणार?"

हे त्यांनी इतक्या साध्या आवाजात सांगितलं की बायको उठली आणि आमच्या घरातले रिकाम्या खोल्यांतले दिवे स्वतःच मालवून आली.

एवढ्यावर हे सगळं परदेशातलं म्हणून राहिलं असतं. पण आमच्याच जिल्ह्यातल्या एका गावचा नगराध्यक्ष माझा विद्यार्थी निघाला. गावाचं नाव सांगत नाही, तो अजून माझ्या पाया पडतो. वर्गात असताना तो नकाशात नद्या उलट्या दिशेनं वाहवायचा, पण माणूस उमद्या मनाचा. त्याच्या नगरपरिषदेनं नव्या वळणरस्त्याला कर्ज काढून व्यापारी संकुल बांधलं होतं. काचेची आपोआप उघडणारी दारं, सरकता जिना, सगळं पुण्यासारखं. आता त्याला त्याच्यामागे हॉटेल आणि सभागृह बांधायचं होतं. सावकार संस्था तयार होती, फक्त गावातले दोनतीन नगरसेवक कुरकुरत होते. कुणीतरी त्याला सांगितलं की सरांच्या विहीणबाई देशांना सल्ला देतात. तो पेढे घेऊन आमच्या दारात आला.

"मॅडम, तुमी फकस्त या आन् बघा," तो म्हणाला. "तुमच्यासारख्या मानसानं हां म्हनलं की इरोधक गप. लई भारी अटी हायेत. पैली तीन वर्सं हप्ताच न्हाई."

"हप्ता नसलेली वर्षं फार गोड असतात," विहीणबाई म्हणाल्या. "आणि बहुधा तेवढीच वर्षं खुर्चीची उरलेली असतात. तुमची किती उरली आहेत?"

तो हसला, पण नेमका आधी जरासा थांबला. मी ते ऐकलं. विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

आम्ही त्याच्या जीपमधून गेलो तेव्हा ऊन उतरलं होतं. संकुल लांबूनच दिसलं, कारण आजूबाजूला ज्वारीची रानं आणि मध्येच हे काचेचं उभं. गाड्या लावायच्या जागेत पांढऱ्या रेघा आखलेल्या, त्यांत एक कुत्रं व्यवस्थित रेघांच्या मध्ये झोपलेलं. दारावर अकोले तालुक्यातल्या डोंगरातला एक वयस्क पहारेकरी होता. आम्ही पायऱ्या चढलो तेवढ्यात दिवे लागले, सगळ्या मजल्यांचे एकदम. आणि दार उघडलं. आम्ही अजून दारापासून बरेच लांब होतो.

"सेन्सर," नगराध्यक्ष म्हणाला. "धूळ बसती त्येच्यावर."

दार मिटलं. पुन्हा उघडलं. विहीणबाई जिथे होत्या तिथेच उभ्या राहिल्या, आणि मग हळूच एका बाजूला सरकल्या. रस्त्यात समोरून कुणी आलं की सरकतात तशा.

पहारेकरी माझ्याजवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाला, "सायेब, आत मदनं चालू नका. कडंनं चाला."

"का?"

"मदनं त्यांची ये-जा असती."

नगराध्यक्षानं त्याला दटावलं. "म्हाताऱ्या, पाव्हन्यांना काय बी सांगू नको." पण विहीणबाई भिंतीच्या कडेनं चालू लागल्या. मी मुद्दाम मधून चाललो. भूगोलाचा शिक्षक आहे, मला वाऱ्याचे प्रकार माहीत आहेत. बंद इमारतीत दार उघडझाप करत असेल तर झुळूक येणारच. तरीही माझ्या कोपराला पातळाचा पदर घासून जावा तसं काहीतरी घासून गेलं, तेव्हा मीही कडेला आलो. झुळूक म्हणूनच आलो.

दोन्ही बाजूंना गाळे, शटर ओढलेले, प्रत्येकावर क्रमांक रंगवलेला. मध्ये सरकता जिना चालू. रिकाम्या पायऱ्या एकामागून एक वर जात होत्या आणि वरच्या टोकाला पोचल्या की कुणी उतरल्यासारख्या किंचित हलकावून नाहीशा होत होत्या. विहीणबाई जिन्याखाली उभ्या राहिल्या. डोळे मिटले. मेथी निवडताना चेहरा झाला होता तसा झाला.

नगराध्यक्षाला ती शांतता सोसेना. "काय मॅडम, किती मानसं दिसत्यात?" तो थट्टेनं म्हणाला.

"तुमच्या अहवालात लिहिलीत तितकी," विहीणबाई म्हणाल्या.

 घराशी आल्यावर विहीणबाईंनी त्याला सांगितलं, "माझं मत हवं असेल तर उद्या दिवेलागणीला तिथे एकटे जा. मोबाईल घरी ठेवा. थोडा वेळ बाकावर बसा, आणि मग माझ्याकडे या. त्यानंतर तुम्ही म्हणाल तिथे सही करते."

तो गेला. हे त्याच्याबद्दल मला आजही आवडतं. दुसरा असता तर गेलो म्हणून सांगितलं असतं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो आमच्या ओट्यावर येऊन बसला, आणि पेढ्यांच्या वेळचा माणूस तो नव्हता.

"काय दिसलं?" विहीणबाईंनी विचारलं.

"दिसलं काय न्हाई, मॅडम. बाकावर बसलो. दार उघडायचं, मिटायचं. जिना चालूच. मला वाटलं, चला, आले समदे. मंग असं झालं की ह्ये आल्यात, पर कुनी काय घेईना. कुनी बोलंना. नुसते हुबे." त्यानं ओट्याच्या फरशीवरून हात फिरवला. "आन् मला वाटलं, ते माझ्याकडं बघत्यात. म्या बोलावल्यावानी. म्या बोलावलं आन् आता काय करायचं त्ये म्या सांगावं, म्हनून वाट बघत्यात."

बायको दारातच उभी होती, चहाचा कप हातात धरून.

"आनखी बांधलं तर आनखी येतील, न्हवं का?" तो म्हणाला.

"येतील," विहीणबाई म्हणाल्या, आणि बायकोच्या हातातला कप घेऊन त्याच्यापुढे ठेवला.

त्या दिवशी आमच्या ओट्यावर मी जे ऐकलं ते मला कुठल्या पुस्तकात इतकं सोपं सापडलं नसतं. नवं कर्ज नाही, हे आधीच ठरून गेलं होतं. प्रश्न जुन्याचा होता. विहीणबाईंनी त्याला सांगितलं की अजून हप्ता चुकलेला नाही, तोवरच सावकाराकडे जा. चुकल्यावर गेलेला माणूस पाया पडायला जातो, आधी गेलेला बोलायला जातो. मुदत लांब मागा आणि व्याजाचा दर एकाच ठिकाणी बांधून घ्या. आज कमी आहे म्हणून सुटा ठेवलेला दर हा दावं सोडलेला बैल, चरतो छान, पण कुणाच्या रानात शिरेल सांगता येत नाही. पाणीपट्टीचं उत्पन्न कर्जाला बांधून दिलंय ते सोडवून घ्या, त्याऐवजी संकुलाचे गाळेच तारण द्या. "उद्या पैसे कमी पडले आणि नळ बंद झाले," त्या म्हणाल्या, "तर लोक हंडे घेऊन सावकाराच्या दारात जाणार नाहीत." दुष्काळ जाहीर झाला तर त्या वर्षी हप्ता नाही, असं कलमही मागायला त्यांनी सांगितलं. नगराध्यक्ष म्हणाला, असं कलम असतं व्हय? बायको आतून म्हणाली, "धाकट्या बेटाला आहे."

"आन् ते संकुल?" त्यानं विचारलं. "त्या मानसांचं काय?"

"त्यांना घालवायचा एकच रस्ता आहे. खरी माणसं आणा."

दुष्काळाचं कलम मिळालं नाही. सावकार संस्थेचा साहेब हसला, जसे सावकार सगळीकडे हसतात. पण मुदत वाढली, दर बांधला गेला आणि पाणीपट्टी सुटली. गाळ्यांच्या भाड्याची बोली निम्म्यावर आली. आणि नगरपरिषदेनं गावचा आठवडे बाजार जुन्या मैदानातून उठवून संकुलात आणि त्याच्यापुढच्या मोकळ्या जागेत भरवायचं ठरवलं. विरोध झाला. म्हातारी माणसं म्हणाली, लांब पडतं. मग एस. टी.चा थांबा तिकडे नेला. पहिल्या बाजाराला विहीणबाई, बायको आणि मी तिघंही गेलो. पांढऱ्या रेघांत आता शेळ्या बांधल्या होत्या. गाळ्यांपुढे मेथीच्या जुड्या, वांगी, सुकट, बांगड्या. सरकत्या जिन्यावर नऊवारीतल्या बायका एकमेकींचे हात धरून चढत होत्या आणि वर पोचल्या की उडी मारून हसत होत्या. काचेच्या दारात कांद्याची पोती टेकवल्यानं ते उघडंच राहिलं होतं. पहारेकरी बिडी ओढत निवांत बसला होता. नगराध्यक्ष मला बघून लांबूनच हात जोडत आला.

विहीणबाई दाराशी, पोत्यांना टेकून उभ्या होत्या. हातात पिशवी, पिशवीत वांगी. मला वाटलं होतं त्यांना आनंद होईल. झालाही असेल. पण त्या गर्दीकडे बघत नव्हत्या. गर्दीच्या पलीकडे, ज्वारीच्या रानाकडे बघत होत्या, जिथून वळणरस्ता निघून जातो.

"काय झालं?" मी विचारलं.

"कुठे गेली असतील हो?" त्या म्हणाल्या.

मीही तिकडेच पाहिलं.

"त्यांचं तरी काय चुकलं," त्या म्हणाल्या. "आपणच बोलावलं होतं."

त्यानंतर थोड्याच दिवसांत थोरल्या बेटानं हात वर केले. कर्ज फेडता येत नाही असं जाहीर केलं, सरकार बदललं, आणि नव्या सरकारनं विहीणबाईंना बोलावलं. सावकारांशी बोलणी करायला त्यांच्या बाजूनं बसा म्हणून. त्यांना साखर आहे, गुडघे आहेत, वय आहे. मुलगा रागावला, माझी मुलगी फोनवर रडली. माझी बायको मात्र फडताळातून शेंगदाणे काढून त्यांच्याबरोबर द्यायच्या चटणीसाठी भाजायला बसली. त्या भाजलेल्या वासात विहीणबाई आम्हा दोघांना म्हणाल्या, "तो माणसांचा तक्ता कर्जाच्या बैठकीत आला तेव्हा मी म्हटलं होतं, एवढी येणार नाहीत. एकदा म्हटलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग मी गप्प बसले." शेंगदाणे करपायला लागले होते. बायकोनं कढई उतरवली.

आता त्या तिकडे आहेत. रविवारी फोन येतो. चटणीचा डबा त्यांनी बोलणीच्या टेबलावर ठेवला होता, आणि एका बड्या सावकाराच्या प्रतिनिधीला असा ठसका लागला की दुपारभर त्याला बोलता येईना, तेवढ्या वेळात बरंच काम झालं म्हणे. सावकार पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाचं म्हणणं, दुसऱ्यानं आधी सूट द्यावी. "पंगतीत 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' चालतं ना, तसं," त्या म्हणाल्या. "फरक एवढाच, की इथे वाढून घ्यायचं नसून सोडायचं आहे." बायको दर वेळी विचारते, कधी येताय. त्या दर वेळी म्हणतात, सगळे उठेपर्यंत बसलं पाहिजे.

गेल्या रविवारी आवाज थकलेला वाटला. खुशाली विचारून झाली, मुलांची, गुडघ्यांची.  

"दादा, प्रवरेला पाणी सोडलंय का?" त्यांनी विचारलं.

धरणातून पाणी परवाच सोडलं होतं. मी हो म्हणालो.

"किती आहे?"

किती म्हणून सांगणार. मी चपला घातल्या आणि फोन कानाशी धरूनच निघालो. गल्लीतून खाली उतरलो, घाटाच्या पायऱ्या उतरलो. ऊन गेलं होतं, पाण्यावर अजून थोडा उजेड होता. शेवटच्या कोरड्या पायरीवर बसलो आणि फोन पाण्याजवळ धरला. पाणी गढूळ होतं, पायरीला लागून सळसळत जात होतं. हात अवघडला तसा मी हात बदलला. 

पुष्कळ वेळानं फोन कानाला लावला.

"नेवाशाला पोचेल ना?" त्या म्हणाल्या.

"मध्ये अडवलं नाही तर पोचेल."

"बरं," त्या म्हणाल्या. मी फोन पुन्हा पाण्याजवळ धरला.